शाल, नारळ आणि न थांबणारी मैफल

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, संध्याकाळी सात. साउंडचे ठरले अठरा हजार रुपये, गाडीभाडं आणि दोन माणसांचं जेवण धरून. हे ठरलं डॉक्टरांच्या दवाखान्यात. हजर चौघे: दातांचे डॉक्टर, त्यांच्या पत्नी, मी, आणि दाढेत कापूस धरून बसलेला एक पेशंट. त्या पेशंटचा व्यवहाराशी काही संबंध नव्हता, पण रक्कम ऐकून त्याने भुवया वर केल्या. तोंड मिटलेलं असल्यामुळे तेवढ्यावरच भागलं.

सोलापुरात भवानी पेठेत माझं साउंड सिस्टीमचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. लग्न, वाढदिवस, गणपती, कीर्तन, शाळेचं गॅदरिंग, निवडणुकीची सभा, दहाव्याचं प्रवचन, सगळं केलं. या धंद्यावर काहीतरी लिहा असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं की मोठमोठ्या सभांचं लिहावं. पण घरी बायको म्हणाली, "त्या शालीचंच लिहा. सभा सगळ्यांनी बघितल्यात." म्हणून शालीचं लिहितो.

आधी धंदा थोडा समजावून सांगतो. स्टेजवर जितके माइक तितक्या वायरी. सगळ्या वायरी माझ्यासमोरच्या मिक्सरला येतात. प्रत्येक वायरीला एक सरकणारी पट्टी असते, तिला फेडर म्हणतात. वर सरकवली की त्या माणसाचा आवाज मोठा, खाली ओढली की तो माणूस नुसते ओठ हलवतो. शिवाय मला हेडफोनवर एकेक वायर वेगळी करून ऐकता येते. म्हणजे तबला कुठे सुटला, पेटीवाला मधेच कुणाशी काय बोलला, ते हॉलमध्ये कुणाला कळत नाही पण मला कळतं. बाकी काही जादू नाही.

गिऱ्हाईक मात्र ठरलेलं असतं. प्रत्येकाला स्वतःचा आवाज वाढवून पाहिजे. एक कीर्तनकार महाराज यायचे, त्यांना इतका इको लागायचा की एक अभंग म्हटला की मागून दोन ऐकू यायचे. एका लग्नात वधूच्या मामांनी मंगलाष्टकं म्हणायला माइक घेतला तो जेवणं होईपर्यंत सोडला नाही. मी वायर काढली नाही, कारण या धंद्यात माझा एकच नियम आहे: बोलणाऱ्याचा माइक आपण बंद करायचा नाही. धंदा नवा होता तेव्हा एका मंडळाच्या कार्यक्रमात स्पीकरमधून शिट्टी येते म्हणून मी एका पुढाऱ्याचा माइक क्षणभर खाली ओढला होता. त्यांचं नेमकं आश्वासन त्यात गेलं. पुढची पाच वर्षं त्या मंडळाने मला बोलावलं नाही. तेव्हापासून शिट्टी आली तरी चालेल, माइक चालू.

आता डॉक्टरांकडे येतो.

डॉक्टर आमच्याच समाजातले, घरात कानडी, बाहेर मराठी. माझं मूळ गाव मैंदर्गी, त्यांचं आजोळ मैंदर्गी, म्हणून मला एकेरीत बोलतात. त्यांचा मुलगा हॉलंडमध्ये असतो. त्याने तिथलीच मुलगी केली, मार्ता. ही मार्ता एका वाद्यवृंदात ऑर्गन वाजवते. ऑर्गन म्हणजे विजेवर चालणारी पेटी समजा. वृंद एका म्हातारबुवांचा, वय एकोणऐंशी. तरुणपणी त्यांनी एक नवीनच तऱ्हेचं संगीत रचलं. चार-पाच सुरांचा एक तुकडा घ्यायचा, तो परत परत वाजवायचा आणि हळूहळू त्यात फरक करत जायचा. तिथल्या मोठ्या वाद्यवृंदांनी ते वाजवायला नकार दिला. मग म्हातारबुवांनी स्वतःचीच सहा माणसं जमवली आणि एका रिकाम्या गोदामात कार्यक्रम सुरू केले. माणसं बदलत गेली, वृंद चालू राहिला. मुंबई-पुण्याला त्यांचे कार्यक्रम ठरले होते. मार्ताने हट्ट धरला की एक सोलापूरला व्हायलाच पाहिजे.

पेशंट गेल्यावर डॉक्टरांनी दवाखान्याचं दार लोटलं आणि मला खरं कारण सांगितलं.

"सिद्धाराम, मागं आम्ही तिकडं गेलो होतो तेव्हा तिनं आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सहाजण वाजवायला लागले. मला वाटलं वाद्यं लावू लागलेत. दहा मिनिटं झाली तरी तेच. म्हटलं हे जुळेपर्यंत चहा पिऊन येऊ. बाहेर गेलो."

"मग?"

"मग काय. परत आलो तर लोक टाळ्या वाजवत उभे. संपलं होतं. पोरीनं एक शब्द काढला नाही. घरी आल्यावर मला कॉफी करून दिली. पण त्यानंतर आजतागायत तिनं माझ्यासमोर तिच्या वाजवण्याचा विषय काढलेला नाही."

डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, "आणि हे म्हणतात, ती विसरली असेल."

"विसरली नाही म्हणून तर करतोय की हे!" डॉक्टर म्हणाले. "सिद्धाराम, हे लोक एकदा सुरू झाले की पाऊण तास थांबत नाहीत. मधे तुटलं तर पुढे जोडता येत नाही म्हणे, सगळं वाया जातं. यावेळी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचंय. मधे काही होऊ देऊ नको."

मी होय म्हणालो. वीज गेली तर जनरेटर आहे, वायरी नवीन आहेत. माणसांचं मी काही धरलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी एका शाळेच्या सभागृहात सगळं लावलं. रफीकभाई माझ्याबरोबर होते. ते आणि मी पहिल्यापासून एकत्र. मी मिक्सरवर, ते स्टेजवर. पाहुणे आले. दोन ऑर्गन, दोन सॅक्सोफोन, एक बासरी, एक गाणारी बाई. म्हातारबुवा पांढऱ्या शर्टात पहिल्या ऑर्गनवर बसले आणि मार्तामार्फत मला सांगितलं, "सहाही सारखे."

मी विचारलं, "मुख्य कोण?"

"मुख्य नाही," मार्ता म्हणाली. तिचं मराठी सासूने फोनवर शिकवलेलं, पण कामाला पुरेसं होतं. "कोणी वर नाही. कोणी खाली नाही."

अठ्ठावीस वर्षांत ही मागणी मी पहिल्यांदा ऐकली. फेडर सरळ एका रेषेत ठेवून बघितले. मला ते उघडं-उघडं वाटायला लागलं.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. पाच सूर, परत तेच पाच सूर, परत तेच. मला बरं वाटलं. आमच्याकडे कलाकार "हॅलो, चेक, चेक" म्हणतात आणि आवाज नीट लागायच्या आत कंटाळून निघून जातात. हे लोक एकच तुकडा धीराने वाजवत होते म्हणजे मला आवाज लावायला वेळ देत होते. मी एकेक माइक तपासला, खर्ज थोडा कमी केला, मागच्या खुर्चीपर्यंत जाऊन ऐकून आलो. सगळं लागलं. अंगठा वर करून खूण केली. कुणी बघितलं नाही. वाजवणं चालूच.

रफीकभाई स्टेजवरून उतरून आले. "क्या भाई, ये लोगां टेस्टिंगच करते बैठेंगे क्या? गाना कब शुरू करेंगे?"

"विचार की जाऊन."

"मैं कैसा पूछूं? बुढ्ढे का डोळा बंद हाय."

शेवटी ते सगळे एका क्षणी, एका झटक्यात थांबले. घड्याळात बघितलं तर पाऊण तासाला थोडं कमी. मार्ता घाम पुसत आली आणि म्हणाली, "कसं वाटलं?"

मी म्हणालो, "आवाज लागलाय ताई. आता गाणं सुरू केलं तरी चालेल."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की भिंतीला टेकली. तिने म्हातारबुवांना ते सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी काहीतरी विचारलं आणि मार्ताने मला सांगितलं, "ते विचारतात, तुम्ही पूर्ण वेळ ऐकत होता ना? मग चांगलं."

त्यानंतर तिने मला एक गोष्ट शिकवली. तुकडा किती वेळा वाजवायचा हे कागदावर ठरलेलं नसतं. म्हातारबुवांना वाटलं की ते मान हलवतात आणि त्या खुणेवर सहाहीजण पुढच्या तुकड्यावर जातात. पाचाचे सहा सूर होतात, मग सात होतात. पुढे कधी आठ, कधी परत पाच. हे कळल्यावर मला त्यात रस वाटायला लागला. मला आकड्यांचं वेड आहे. घरचं लाईट बिलसुद्धा मी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघतो.

शनिवारी दीडेकशे लोक आले. निम्मे डॉक्टरांचे पेशंट असावेत, कारण ते डॉक्टरांशी फार अदबीने बोलत होते. सभागृहाचं भाडं दिलं होतं आप्पांनी. आप्पांचा चादरी-टॉवेलांचा कारखाना आहे. माणूस सढळ हाताचा, पण एक अट होती: पाहुण्यांचा सत्कार त्यांच्या हस्ते आणि कारखान्याचं नाव माइकवरून. सोलापुरात यात काही वावगं नाही. सत्कार झाल्याशिवाय कार्यक्रम झाला असं आपल्याकडे कुणी मानत नाही. सत्कार सुरुवातीलाच, पावणेसातला, असं ठरलं होतं. निवेदनाला माळी सर होते. निवृत्त शिक्षक, खणखणीत आवाज, वहीत चार पानी परिचय लिहून आणलेला.

सात वाजले. आप्पांचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणाले, "निघालोच." या शब्दाचा अर्थ डॉक्टरांनाही माहीत होता. म्हातारबुवा वाद्यावर बसलेले, सभागृहात कुजबुज. डॉक्टर माझ्याजवळ आले, मिक्सरच्या टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "सुरू करू दे. सत्कार नंतर." आणि जाऊन पहिल्या रांगेत बसले.

पाच सूर सुरू झाले.

पहिली दहा मिनिटं अवघड गेली. मागून एकजण उठला, मग तिघे. पुढच्या रांगेतून डॉक्टरांचे मेहुणे कानडीत मोठ्याने म्हणाले, "एन री इदु?" म्हणजे हे काय आहे. डॉक्टरांनी मान न वळवता त्यांच्या मांडीवर हात ठेवला. तो हात शेवटपर्यंत तिथेच होता.

मी मोजत होतो. मान हलली, सहा. मान हलली, सात. आणि सातावर काही वेळ गेल्यावर मला एक वेगळीच चाल ऐकू यायला लागली. अगदी लहान, चार सुरांची, वर जाऊन खाली उतरणारी. बासरी असेल म्हणून हेडफोनवर बासरीची वायर ऐकली. तिच्यात ती नव्हती. गाणाऱ्या बाईची ऐकली, नव्हती. दोन्ही सॅक्सोफोन, दोन्ही ऑर्गन, सगळे एकेक करून ऐकले. कुणीच ती वाजवत नव्हतं. हेडफोन काढला की ती हॉलमध्ये स्पष्ट. घातला, एकेकाला ऐकलं, की नाही. अठ्ठावीस वर्षांत मिक्सरला आलं नाही ते स्पीकरमधून बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही. मी परत पहिल्या वायरीपासून सुरुवात केली.

तेवढ्यात आप्पा आले.

स्टेजच्या डाव्या विंगेत, एका हातात शाल, एका हातात नारळ. त्यांच्यामागे माळी सर, हातात वही आणि कॉर्डलेस माइक. रफीकभाई विंगेत त्यांना हातवारे करून सांगत होते. नंतर त्यांनी मला तो संवाद ऐकवला.

आप्पा म्हणाले, "हे गाणं कवा संपतंय?"

"मालूम नै आप्पा. कल पौना घंटा चल्या."

"मला साडेआठला अक्कलकोटात लग्नाला पोचायचंय. मी लई वेळ थांबणार न्हाय. एक कडवं झालं की जातो."

"इसमें कडवाच नै आप्पा."

आप्पा थांबले. खरंच थांबले, वीस मिनिटं शाल-नारळ घेऊन उभे होते, हे त्यांच्या बाजूने लिहायला पाहिजे. अडचण अशी की ते जिथे उभे होते तिथेच म्हातारबुवांचं तोंड होतं. आणि म्हातारबुवांनी पुढच्या तुकड्यासाठी, आठासाठी, मान हलवली. चांगली जोरात. आपल्याकडे समोरच्याने आपल्याकडे बघत मान हलवली की त्याचा अर्थ एकच: या.

आप्पा स्टेजवर आले.

माळी सर त्यांच्या मागून दोन पावलं आले, माइक तोंडाशी धरला आणि माझ्याकडे बघून हात वर केला. ही आमची खूण. हात वर म्हणजे माइक चालू कर. त्यांचा फेडर खाली होता, कारण सात वाजता मीच तो खाली ठेवला होता, वाजवताना खरखर नको म्हणून. माझं बोट त्यावर होतं. पहिल्या रांगेत डॉक्टर अर्धवट उठले होते. मार्ताने मान वर केली, आप्पांना बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. तिचे हात चालू होते.

मी फेडर वर केला नाही.

त्या वेळी मला नियमाची आठवण होती, आप्पांच्या कारखान्याच्या वर्धापनदिनाची आठवण होती, जो दरवर्षी मी करत होतो. डॉक्टरांना दिलेला शब्दही होता. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मी ती चाल ऐकत होतो. आठावर गेल्यावर ती तशीच राहते की बदलते ते मला बघायचं होतं.

माळी सर बोलायला लागले. ओठ हलत होते, हात हलत होता, वहीचं पान उलटलं. आवाज नाही. त्यांनी माइकवर बोट आपटलं, फुंकर मारली, परत माझ्याकडे बघितलं. मी मिक्सरमध्ये डोकं घातलं.

आप्पा मधोमध उभे. दीडशे लोक बघतायत. मागे जाणं शोभेना. मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ते सरळ म्हातारबुवांपाशी गेले, शाल उलगडली आणि वाजवणाऱ्या माणसाच्या खांद्यावर घातली. म्हातारबुवांचे हात थांबले नाहीत. शाल एका बाजूने घसरली, कोपरावर आली, अजून वीतभर घसरली असती तर ऑर्गनच्या पट्ट्यांवर पडली असती. शेजारी उभ्या असलेल्या गाणाऱ्या बाईने गाता गाता एक हात लांब केला, शाल उचलून परत खांद्यावर टाकली आणि हात मागे घेतला. सूर तुटला नाही. नारळ कुठे ठेवावा हे आप्पांना कळेना. तो त्यांनी वाद्याच्या पायाशी ठेवला आणि हात जोडले.

म्हातारबुवांनी मान हलवली. परत पाच.

आप्पांना वाटलं आभार मानले. ते समाधानाने विंगेत गेले. माळी सर त्यांच्या मागे.

शेवटी सहाहीजण एका झटक्यात थांबले तेव्हा सभागृहात कुणाला टाळ्या वाजवायचं सुचलं नाही. डॉक्टर आधी उभे राहिले. ते टाळ्या वाजवत नव्हते, नुसते उभे होते. मग बाकीचे उठले. जे उरले होते ते, साधारण नव्वद.

वायरी गुंडाळताना मार्ता मिक्सरपाशी आली. मी तिला तीच गोष्ट विचारली. ती चार सुरांची चाल कोण वाजवत होतं? आणि मी ती गुणगुणून दाखवली.

"कोणी नाही," ती म्हणाली. "सहा लोकांचं मिळून होतं. तुमच्या कानात होतं." मग तिने वळून सासऱ्यांना हाक मारली, "मामा! तुम्हाला काय ऐकू आलं?"

डॉक्टर खुर्च्यांमधून आले. त्यांनी घसा साफ केला आणि एक चाल गुणगुणली. माझी नव्हती. तीन सुरांची, खालीच फिरणारी.

मी म्हटलं, "डॉक्टर, ही नव्हतीच."

"असं कसं नव्हती? अर्धा तास तेवढीच ऐकत बसलो होतो की मी!"

रफीकभाई वायरीचं वेटोळं खांद्यावर टाकून म्हणाले, "दोनों गलत." आणि तिसरीच गुणगुणले.

आमचं तिथे भांडण लागलं. सासऱ्यांनी ती तीन सुरांची चाल परत एकदा, जरा मोठ्याने म्हणून दाखवली तेव्हा मार्ताने त्यांचा हात धरला आणि त्यांना ऑर्गनपाशी घेऊन गेली. ती वाजवायला लागली, ते शेजारी उभे राहून "हां, इथं, इथं" म्हणत होते. आम्ही बाकीच्या सगळ्या वायरी काढल्या. ती एक राहू दिली.

अजूनही मी त्या चालीचा विचार करतो. रेकॉर्डिंग केलं असतं तर तपासता आलं असतं, पण म्हातारबुवांनी नको म्हटलं होतं. रफीकभाई म्हणतात की विषय सोड. बायकोने सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच विचारलं, "आणि आप्पा?"

आप्पा मला काही बोलले नाहीत. वर्धापनदिनाचं काम यंदा दुसऱ्या साउंडवाल्याला गेलं. सत्कार सगळ्यांनी बघितला, पण कारखान्याचं नाव कुणी ऐकलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. भाडं त्यांनी दिलं होतं. त्या कामाचं मला वाईट वाटतं. तिथलं जेवणही चांगलं असायचं.

डॉक्टरांनी सोमवारी अठरा हजार पूर्ण दिले. त्याच संध्याकाळी माळी सर दुकानात आले. खुर्चीवर बसले, चष्मा पुसला.

"सिद्धाराम, माइक बिघडला होता की तू बंद ठेवला होतास?"

"बंद ठेवला होता, सर."

"चार पानं लिहिली होती मी. हॉलंडचा इतिहाससुद्धा घातला होता. माझं मानधन आप्पा देणार होते. ते म्हणतात, तुम्ही बोललातच कुठं? आता हे मी कुणाकडे मागू?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी गल्ला उघडला आणि पंधराशे रुपये मोजून त्यांना दिले. सरांनी ते परत मोजले, खिशात ठेवले आणि जाताना म्हणाले की पुढच्या वेळी आधी सांगितलंस तर मी न बोलायला कमी घेईन.